काढला तरी परत येणारा टूलबार

मामांच्या विंडोज १० लॅपटॉपवर फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत ब्राउझरमध्ये एक सर्च टूलबार (शोधाची जादा पट्टी) घुसला होता. काढला, की रीस्टार्टनंतर पुन्हा हजर! अँटीव्हायरस गप्पच.

विंडोजसोबत आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स चालवलं, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या. चोर टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, सापडला: 'अपडेट' नावाचं टास्क, दर लॉगिनला ॲपडेटा या प्रोग्रॅमच्या डेटाच्या फोल्डरमधली फाइल चालवणारं. ती फाइलच टूलबार परत बसवायची. ॲपडेटामध्ये लिहायला ॲडमिनची परवानगी लागत नाही, म्हणून ही मंडळी तिथेच बिऱ्हाड थाटतात. रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या) रन कीमध्येही, म्हणजे लॉगिनला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतही, त्या फाइलची नोंद होतीच. आधी दोन्ही नोंदी उडवल्या, मग सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालू करून, फाइल.

तरी होमपेज बदललेलंच! ब्राउझरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, टार्गेट या रकान्याच्या शेवटी, टूलबारवाल्यांच्या साइटचा पत्ता चिकटवलेला. तिथे कोण बघतंय? तो खोडला. खबरदारी म्हणून बँकेचे पासवर्ड मामांनी लॅपटॉपऐवजी फोनवरून बदलले.