नव्या संकेतस्थळासाठी प्रोग्रामिंगची भाषा कशी निवडावी

संकेतस्थळ उभारायचे ठरले की अनेक जण थेट भाषांची तुलना करू लागतात. त्याआधी आपल्या संकेतस्थळाची पृष्ठे सर्वांना सारखीच दिसणार आहेत, की वाचकागणिक बदलणार आहेत, हे ठरवावे. केवळ माहिती, छायाचित्रे आणि संपर्काचा तपशील द्यायचा असेल, तर सर्व्हरवर, म्हणजे वाचकाला पृष्ठे पाठवणाऱ्या संगणकावर, चालणाऱ्या भाषेची गरजच नसते. ह्यूगो किंवा जेकिल यांसारख्या साधनांनी सर्व पृष्ठे आधीच तयार करून ठेवता येतात. ही साधने अनुक्रमे गो आणि रूबी या भाषांत लिहिलेली असली, तरी ती वापरण्यासाठी त्या भाषा यायलाच हव्यात असे नाही.

ब्राउझरच्या बाजूला फारसा पर्याय नसतो. पृष्ठाची रचना सांगणारी एचटीएमएल, त्याचे रूप ठरवणारी सीएसएस आणि पृष्ठाला प्रतिसाद द्यायला लावणारी जावास्क्रिप्ट यांची निदान तोंडओळख सर्वांनाच करून घ्यावी लागते. टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टची विस्तारित भाषा निवडली, तरी ब्राउझरपर्यंत पोहोचेतो तिची जावास्क्रिप्टच झालेली असते.

लॉग-इन, नोंदणी, शोध किंवा खरेदी यांची सोय हवी असेल, तेव्हा सर्व्हरवरील भाषेचा प्रश्न येतो. १९९५ साली जाहीर झालेली पीएचपी मुळात वेबसाठीच घडली. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) फाइली चढवल्या की ती चालू लागते, आणि तिच्या नेहमीच्या रचनेत ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती संपताच त्या विनंतीसाठी वापरलेली मेमरी मोकळी होत असल्याने एका विनंतीतील चूक सहसा दुसरीला बाधत नाही. संकेतस्थळे बनवण्याचे साधन वर्डप्रेस आणि विकिपीडियामागील मीडियाविकी याच भाषेत आहेत. पीएचपीची जी बदनामी झाली, तिला माझ्या मते भाषा जितकी, तितकेच ती शिकवणारे जुने धडेही कारणीभूत आहेत. वाचकाने फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला विचारणा करण्याच्या भाषेत, जोडणारा धडा समोर आला, तर तो असुरक्षित समजून तिथेच सोडून द्यावा.

माहितीचे विश्लेषणही करायचे असेल, तर पायथन सोयीची पडते. २००५ साली खुल्या झालेल्या जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये (तयार सांगाड्यात) नोंदी भरण्या-सुधारण्याचे व्यवस्थापन-पृष्ठ जवळजवळ आयते मिळते. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारे नोड (२००९) निवडल्यास ब्राउझर आणि सर्व्हर या दोन्ही बाजूंना जावास्क्रिप्टच लिहिता येते, आणि एकाच वेळी असंख्य जोडण्या सांभाळाव्या लागणाऱ्या गप्पांच्या सुविधेसाठी ते उत्तम आहे. मात्र तुमची आज्ञावली मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम पुढे नेणाऱ्या धाग्यावर, चालत असल्यामुळे एखादे जड गणित सुरू झाले की बाकीचे सर्व वाचक ताटकळतात. रूबीचे फ्रेमवर्क रूबी ऑन रेल्स आजही समर्थ आहे. जावा आणि सी शार्प यांचा विचार संस्थेत त्या आधीपासून वापरात असतील तर जरूर करावा.

वेगाच्या तुलनांवर मी फारसा वेळ घालवत नाही. समजा, पन्नास लेखांची यादी दाखवताना प्रत्येक लेखाचा लेखक डेटाबेसमधून स्वतंत्रपणे मागवला, तर एका पृष्ठासाठी यादीची एक आणि लेखकांच्या पन्नास अशा ५१ विचारणा होतात, आणि मग भाषा कोणतीही असली तरी पृष्ठ रेंगाळते. पुष्कळदा अडचण अशी डेटाबेसच्या वापरात असते. इन्स्टाग्राम जँगोवर वाढले, एवढे लक्षात ठेवले तरी नव्या संकेतस्थळाच्या मालकाची या बाबतीतली काळजी मिटावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे दोन वर्षांनी ही आज्ञावली कोण सांभाळणार. नावीन्याच्या मोहाने मी एकदा एका लहानशा कामासाठी अशी भाषा निवडली होती, जी आमच्यापैकी दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. परिणामी एक शब्द बदलायचा असला तरी सगळे माझीच वाट पाहत. म्हणून तुम्हाला किंवा सोबत काम करणाऱ्यांना एखादी भाषा आधीच येत असेल, तर ती नाकारण्यासाठी ठोस कारण हवे.

निर्णय पक्का करण्यापूर्वी दोन दिवस राखून ठेवावेत आणि लॉग-इन, एक फॉर्म व त्यातील नोंद साठवणारा डेटाबेस एवढेच बनवून ते खऱ्या होस्टिंगवर चढवावे. तिथे भाषेची कोणती आवृत्ती चालते आणि तिला सुरक्षा-सुधारणा कधीपर्यंत मिळणार आहेत, हेही तपासावे. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत आधार संपला, तेव्हा कित्येकांना चालू आज्ञावली नव्याने लिहावी लागली होती. स्वतःच्या संगणकावर चाललेली चाचणी यासाठी पुरेशी नाही, कारण नवख्याची खरी अडवणूक बहुधा सर्व्हरवर चढवतानाच होते.