केसपेशी गाळणीत उडवू नका
उंदराच्या कॉक्लियाचा (आतल्या कानातला ऐकण्याचा शंखाकार भाग) सिंगल-सेल डेटा, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा मोजलेला डेटा, हाती आला की मायटोकॉन्ड्रियल आरएनएची ती ठरावीक 5 टक्क्यांची गाळणी (त्याहून जास्त असेल तर पेशी खराब समजून वगळायची) लगेच लावू नका. एका कॉक्लियात केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) जेमतेम 3 हजारांच्या आसपास, सुट्या करताना त्यातल्याही बऱ्याच मरतात. उरलेल्यांत मायटोकॉन्ड्रिया भरपूर, म्हणून नेमक्या त्याच उडू शकतात. आधी मर्यादा सैल ठेवून क्लस्टर (सारख्या पेशींचे गट) पाडा. मायो7ए, पीओयू4एफ3 ही जनुकं दिसली की केसपेशी. प्रौढ उंदरात सोबत एसएलसी26ए5 (प्रेस्टिन या प्रथिनाचं जनुक) असेल तर बाह्य, एसएलसी17ए8 असेल तर आंतर. मर्यादा मग क्लस्टर बघून आवळा. आणि हो, आधारपेशींत थोडंसं प्रेस्टिन दिसलं म्हणून हुरळू नका. फुटलेल्या पेशींचा आरएनए सगळीकडे सांडलेला असतो. तो वजा करणारं सूपएक्स हे सॉफ्टवेअर चालवून पाहा. पडताळणीला गिअर (gEAR) या कानाच्या जनुक-डेटाच्या पोर्टलवर इतरांचा डेटा मोफत आहेच.