फॅमिली थेरपीचा प्लॅन कागदावर भारी, घरात फेल: या चुका टाळा

ज्युनियर काउन्सेलर सुपरविजनला जे ट्रीटमेंट प्लॅन आणतात ते वाचताना मला बऱ्याचदा कळतच नाही की हे घर बोरिवलीच्या टू बीएचकेतलं आहे का पाटोद्याकडच्या ऊसतोड कामगाराचं. सगळीकडे तेच, कम्युनिकेशन सुधारणे, बाउंडरीज म्हणजे नात्यांतल्या मर्यादा सेट करणे, सपोर्ट सिस्टम वाढवणे. नाव झाकलं तर कुणालाही चिकटवा. मग तिसऱ्या सेशनला फॅमिली येत नाही आणि फाइलवर शेरा पडतो 'रेझिस्टंट फॅमिली', म्हणजे घरच बदलायला तयार नाही. अहो, त्यांचं घरच तुमच्या प्लॅनमध्ये नाहीये तर येतील कशाला!

हे मुख्यतः थेरपी करणाऱ्यांसाठी लिहितेय, पण घरातल्यांना घेऊन काउन्सेलिंगला जाणाऱ्यांनीही वाचा, काय विचारायचं ते कळेल.

आल्या आल्या बाउंडरीज

सासू न विचारता खोलीत येते, नवरा पगार वडिलांच्या हातात देतो, एवढं ऐकलं की लगेच पेन सरसावतं: एनमेश्ड फॅमिली, म्हणजे एकमेकांत नको तेवढं गुंतलेलं घर. ज्या फॅमिली थेरपिस्ट साल्वादोर मिनूशिन यांच्याकडून आपण हे घेतलं त्यांनी न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या घरांबरोबर काम केलं होतं, आणि ते आधी 'जॉइनिंग' करायला सांगायचे, म्हणजे त्या घराच्या रीतीत शिरा, मोठ्यांचा मान ठेवा, मग हळूच काहीतरी हलवा. आपण लेबल तेवढं उचललं आणि जॉइनिंग सोडून दिलं.

एक घर सांगते, दोन-तीन घरं मिसळलीत, ओळख पटू नये म्हणून. सांगोल्याकडचं एकत्र कुटुंब, २६ वर्षांची सून, छातीत धडधड, हातपाय गळतात, दोनदा चक्कर येऊन पडली. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, मग कुणीतरी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू-नारळ झालं, आणि मग इकडे. पहिल्या प्लॅनमध्ये होतं, 'कपलने सेपरेट राहण्याचा पर्याय बघणे'. सुनेलाच ते नको होतं! तिचं जावेशी छान जमायचं, पोरगी आजीजवळ झोपायची, तिचं दुखणं एवढंच की लग्नाला चार वर्षं झाली तरी नवऱ्याशी दोन वाक्यं निवांत बोलायला जागा नाही, घरात नऊ माणसं, दोन खोल्या आणि पडवी. जो प्लॅन शेवटी चालला त्यात लिहिलं होतं, संध्याकाळी डेअरीला दूध घालायला दोघांनी जायचं, आठवड्यातून चार दिवस. कुणाचा मान गेला नाही, कुणाला जाब द्यावा लागला नाही, किटली आणि गाडी तर होतीच. फक्त परवानगी सासूची घेऊन भागणार नव्हतं. नवऱ्याचे थोरले चुलते, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, त्यांचा होकार पाहिजे होता, आणि ते पहिल्या दोन सेशनला आलेच नव्हते कारण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

घरात चालतं कुणाचं, हे न विचारणं

जेनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, सगळे काढतात, चौकोन-गोल, रेघा, एकदम छान. पण दवाखान्याचे पैसे कुणाच्या खिशातून येतात ते त्यात दिसत नाही. म्हणून सरळ विचारा, सोयरीक ठरवताना शेवटचा शब्द कुणाचा? भांडण झालं की फोन कुणाला जातो, मामाला का थोरल्या बहिणीला? रुसलेल्या माणसाची समजूत कोण काढतं? हा शेवटचा प्रश्न तर सोडूच नका, ती जी कुणी आत्या किंवा जाऊ निघते तिच्याशिवाय तुमचा प्लॅन घरात शिरणार नाही. काही घरात चालतं ते न्यू जर्सीत बसलेल्या मुलाचं, पैसे तो पाठवतो आणि साताऱ्यातल्या आई-बाबांच्या वादात शब्दही त्याचाच, तर त्याला घ्या ना व्हिडिओ कॉलवर, तिकडे किती वाजलेत बघून.

'त्यांच्यात असंच असतं'

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. एक म्हणजे आडनाव वाचून अख्खं घर ओळखल्याचा आव, या जातीत असं, त्या धर्मात तसं, गावाकडचे असेच. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ साली कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू आला, १६ प्रश्नांचा, आणि त्याचा सगळा जोर माणसाला स्वतःच्या शब्दांत त्रास सांगू देण्यावर आहे. तेवढे प्रश्न नीट विचारले तरी निम्मे अंदाज गळून पडतात. आणि हो, समोरचेही तुमचं आडनाव वाचतच असतात. 'मॅडम तुमचं गाव कुठलं' हे नेहमी नुसतं गप्पांपुरतं नसतं, तुमच्यासमोर काय बोलायचं आणि काय गिळायचं ते त्यावर ठरतं.

दुसरी बाजू जास्त घातक. कल्चरल सेन्सिटिव्हिटीचं वर्कशॉप करून आलेली मंडळी कधीकधी मारहाणीलाही 'त्यांच्याकडे चालतं' म्हणून सोडून देतात. नाही चालत. जोडप्याला एकत्र बसवायच्या आधी दोघांना वेगवेगळं भेटा, घरात हात उचलला जातो का ते तेव्हाच विचारा, कारण नवऱ्यासमोर बाई खरं बोलली तर त्याची किंमत घरी गेल्यावर तिलाच मोजावी लागते. हिंसा चालू असेल तर जॉइंट सेशन बाजूला ठेवा, आधी तिच्या सुरक्षिततेचं बघा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, संरक्षण अधिकारी असतात, महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, आणि महाराष्ट्रात पोलिसांबरोबर काम करणारे महिला आणि मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ते १९८४ मध्ये मुंबईत सुरू केले. लहान मुलाच्या लैंगिक छळाचं कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं तुम्हालाही बंधनकारक आहे, 'घरातली गोष्ट घरातच मिटवू' म्हणणाऱ्या आजोबांना हे स्पष्ट सांगावं लागतं. आंतरजातीय लग्न केलेलं जोडपं जिवाला घाबरून आलं असेल तर समेटाच्या उत्साहात दोन्हीकडच्यांना बोलावून बसू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये राज्यांना अशा जोडप्यांसाठी खास कक्ष आणि सुरक्षित निवारे करायला सांगितलंय, ती वाट आधी.

देवाधर्माची टर उडवणं, किंवा त्याबद्दल विचारणंच नाही

बाहेरचं झालंय असं घर म्हणालं की तोंड वाकडं करू नका, तुमची भुवई त्यांना बरोब्बर दिसते. विचारा, तिथे गेल्यावर किती दिवस बरं वाटलं, कोण बरोबर होतं, काय सांगितलं? बऱ्याचदा उत्तरात असतं की त्या दिवशी सगळं घर तिच्यासोबत गेलं होतं, आणि ही माहिती प्लॅनसाठी सोन्यासारखी आहे. गोळ्या आणि वारी एकत्र चालू शकतात. बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं आलं की तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात मध्यममार्ग काढत बसायचं नसतं.

उपवासाचं तर कुणी लिहितच नाही. पेशंट लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर असेल आणि नवरात्रात निर्जळी किंवा रमजानमध्ये रोजे असतील तर शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते आणि ते धोक्याचं आहे. हे घरातल्यांना सण यायच्या आधी सांगायचं आणि डोसचं सायकियाट्रिस्टशी बोलून ठरवायचं, गोळी आपल्या मनाने कुणीच बंद करायची नाही.

काळजीलाच आजार ठरवणं

२४ वर्षांचा मुलगा हॉस्पिटलमधून घरी आला आणि आई त्याला भरवतेय, की लगेच शेरा, ओव्हरइन्व्हॉल्व्ह्ड मदर, अति गुंतलेली आई. जरा थांबा. एक्सप्रेस्ड इमोशन, म्हणजे घरचे पेशंटवर किती टीका करतात आणि त्याच्यात किती गुंततात, ही कल्पना लंडनमधली, आणि १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या घरांचा अभ्यास झाला तेव्हा टीका आणि अतिगुंतणूक दोन्ही लंडनच्या मानाने बरंच कमी आढळलं. अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलमध्ये डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन राहायला बोलावलं होतं, म्हणजे घरच्यांना ट्रीटमेंटमध्ये घेणं आपल्याकडे जुनंच आहे. बघायचं एवढंच की मुलगा स्वतःहून हात पुढे करतो तेव्हा आई घास खाली ठेवते का.

थेरपीचं ध्येय असं लिहा की आजीलाही कळेल

'बाप-लेकाचं कम्युनिकेशन सुधारणे' असं लिहून काहीच होत नाही. 'सोमवार ते शुक्रवार जेवताना बाबा मार्कांचा विषय काढणार नाहीत, रविवारी सकाळी अर्धा तास त्यावर बोलतील' असं लिहिलं तर पुढच्या वेळी विचारता येतं, झालं का? नाही झालं तर कुठल्या दिवशी मोडलं? आजी अहिराणी किंवा मालवणी बोलत असेल तर तिला तिच्या बोलीत बोलू द्या, आणि नातवाला दुभाषी करू नका, तो बिचारा अर्धं गाळतो.

गुपितांचं आधी न ठरवणं

वडील फी भरतात म्हणून २२ वर्षांच्या मुलीने काय सांगितलं ते त्यांना कळवायचं नसतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तिचा हक्क आहे, अपवाद मोजके. पण 'कायद्यात नाही' असं तोंडावर फेकलं की वडील दुखावतात आणि गाडी पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत मुलीला विचारतातच, काय बोललीस आत. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा, कुठलं माझ्याकडे राहील आणि कुठलं जिवाच्या धोक्यापायी सांगावंच लागेल. काउन्सेलरने घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

गाडी अडली तर

सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन काहीच करत नाहीत, तर समजा तो होकार तुमच्या मानापोटी होता. 'जमेल का' विचारू नका, 'यात अडचण कुठे येईल' असं विचारा, अडचण सांगायला लोकांना संकोच वाटत नाही. एकटे वडीलच बोलत असतील तर त्यांना गप्प करायला जाऊ नका, 'तुम्ही सांगितलंत ते कळलं, आता आईंकडून ऐकायला तुमची हरकत नाही ना' असं त्यांच्याच तोंडून पुढचं दार उघडून घ्या. येणं बंद झालं तर फाइल बंद करण्याआधी तारखा बघा, अमावस्या होती का, पितृपक्ष होता का, घरात सुतक आहे का, द्राक्षाची तोडणी चालू आहे का.

ऊसतोडीला जाणारं घर दिवाळीच्या आसपास निघतं आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाही, तर त्यांचा प्लॅन आधीपासूनच दोन भागांत करा: निघण्यापूर्वी काय, आणि ऊसतोडीच्या तळावरून फोनवर काय. फोन कुणाचा, मुकादम जवळ नसतो ती वेळ कुठली, गोळ्या किती महिन्यांच्या द्यायच्या आणि संपल्या तर जवळचा सरकारी दवाखाना कुठला, हे एका कागदावर मराठीत लिहून द्या. मधल्या काळासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्यावर मोठ्या अक्षरात टाका, चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.