फोटो टाकताना या चुका टाळा

“अगं मावशी, नंबर काळा केलाय की!” भाच्याचं हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. नोकरी लागल्याच्या आनंदात त्याने ओळखपत्राचा फोटो टाकला होता. मी तो सेव्ह केला, एडिटमध्ये जाऊन एक्स्पोजर आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला. काळ्या रेघेखालून एकेक आकडा वर आला. मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे पोस्ट उडाली. पठ्ठ्याने फोनच्या एडिटमधला हायलायटर वापरला होता. हायलायटर अर्धपारदर्शक असतो. चार-पाचदा फिरवला की काळा वाटतो, पण खालचं शाबूत राहतं. हलक्या ब्लरवरही माझा विश्वास नाही. मी भरीव काळा चौकोन टाकते, मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवते. अर्धं मिनिट जातं. तेवढंही ज्यांना जड जातं, त्यांनी ओळखपत्राचा फोटो टाकूच नये.

क्रॉप केलं म्हणजे गेलं, असंही नाही. 2023 च्या मार्चमध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या स्क्रीनशॉट एडिट करायच्या टूलमधला दोष उघड झाला: क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये कापलेला भाग मागे राहत होता. विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्येही, म्हणजे कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढायच्या टूलमध्येही, तेच निघालं. पुढे दुरुस्ती झाली, पण आधी वाटलेल्या फाइलींचं काय!

दुसरा माझा राग लोकेशनवर. फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट फाइलमध्ये लिहिलेलं असू शकतं. 2012 मध्ये मॅकअफी अँटीव्हायरस कंपनीचा संस्थापक, फरार जॉन मॅकअफी ग्वाटेमालात आहे, हे त्याच्यासोबतच्या पत्रकारांनी टाकलेल्या फोटोतल्या अशाच नोंदीवरून जगाला कळलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद निघून जाते. पण “क्वालिटी जाते” म्हणून डॉक्युमेंट करून पाठवणारे शहाणे असतात, त्यांची नोंद जशीच्या तशी पोचते. मी कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगीच बंद ठेवते.

बोर्डिंग पास टाकू नका. नाव झाकलं तरी बारकोड बोलतो. घराच्या किल्लीचा क्लोज-अपही नको, फोटोवरून किल्ली बनवता येते. “फक्त मित्रांसाठी” ठेवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट मित्रच काढतात.

भाचा आता फोटो टाकण्याआधी तपासायला मला पाठवतो. डॉक्युमेंट करून.