आई-वडिलांच्या घराची वाटणी : मुंबईतल्या भावंडांनी या चुका टाळाव्यात

सोसायटीच्या फ्लॅटवरून भावंडांचं बिनसतं ते बऱ्याचदा नॉमिनेशनपाशी. थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलं की घर त्याचंच, असं तोही धरून चालतो आणि बाकीचेही. तसं नसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 154ब-13 नुसार नॉमिनी हा वारसांची नावं लागेपर्यंतचा तात्पुरता सभासद. मालकी ठरते मृत्युपत्रावरून आणि ते नसेल तर वारसा कायद्यावरून. हा वाद सोडवणं कमिटीच्या हातात नाही, त्यामुळे सेक्रेटरीशी भांडून उपयोग नाही.

वारस मोजतानाही चुकतं. हिंदू वडील मृत्युपत्र न करता गेले, घर त्यांच्या कमाईचं, मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी, तर चौघांना समान पाव हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर तीही वाटेकरी, म्हणजे पाच वाटे. आधीच वारलेल्या भावाची बायको-मुलं मिळून त्याचा एक वाटा घेतात. मुलीला हक्क 2005 पासून मिळाला, असं अजूनही ऐकू येतं. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलगी 1956 च्या कायद्यापासूनच वारस आहे.

सगळ्यात महाग पडते ती हक्कसोडपत्रातली चूक. वडील हयात असतानाच बहिणीकडून ‘मला काही नको’ असं लिहून घेतात. त्याला कायद्यात किंमत नाही, कारण तेव्हा तिच्याकडे सोडायला हक्कच नसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळं होणं. घरातला हिस्सा सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागतेच, तीही सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत. तिसरी चूक दिसायला साधी आहे : घराची किंमत 1 कोटी 20 लाख, बहिणीचे 30 लाख होतात. मुद्रांक शुल्क वाचवायला कागदावर ‘विनामोबदला’ लिहितात आणि पैसे वर्षभरात द्यायचं तोंडी ठरतं. वर्ष उलटतं, घर एकट्या भावाच्या नावावर झालेलं असतं आणि बहिणीच्या हातात तिच्याच सहीचा कागद राहतो, ज्यात पैशाचा उल्लेखही नाही. मोबदला असेल तर तो लिहा, शुल्क भरा आणि सहीच्या दिवशीच डिमांड ड्राफ्ट घ्या. वारसांत अठरा वर्षांखालचा पुतण्या-भाचा असेल, तर न्यायालयाच्या परवानगीविना त्याचा हक्क कोणी सोडून देऊ नये. मोठा झाल्यावर तो ते रद्द करून घेऊ शकतो.

गिरगाव, परळ, दादरच्या चाळीतल्या पागडीच्या, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीला फ्लॅटचं गणित लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. म्हणून बाहेर राहणाऱ्या भावंडांनी ‘आमचा पाव हिस्सा’ या भरवशावर बसू नये. आणि भाडेपावतीवर कोणाचं नाव लावायचं याचा समझोता लेखी करा, तोही पुनर्विकासाच्या करारावर सह्या होण्याआधी. नंतर मिळणारी मालकीची जागा त्याच नावावर येते.

वाद चालू असला तरी मेंटेनन्स थकवू नका. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सोसायटी थकबाकीवर व्याज लावू शकते आणि ते सगळ्यांच्याच वाट्यातून जातं. जो भरेल त्याने स्वतःच्या खात्यातून भरावं, पावत्या जपाव्यात.

बोलणी फिसकटली तर वाटणीचा दावा आहेच. पण वन बीएचके भिंत घालून वाटता येत नाही, त्यामुळे असे दावे बहुधा विक्रीवर किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेण्यावर येतात. म्हणून आधी सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून घराची किंमत काढून घ्या आणि तो अहवाल सगळ्या भावंडांना एकाच दिवशी द्या.