माळावरचा पडका शिकारबंगला पुन्हा उभा करायचा असेल तर

पुण्याच्या पूर्वेला सुपे, दौंड, इंदापूर या बाजूला कोरडा गवताळ माळ आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, माळढोक ही त्याची जुनी वस्ती. शिकारीचा षौक आपल्याकडच्या बड्या घराण्यांत पूर्वापार होता. सवाई माधवरावांच्या काळी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. पुढे पेशवाई गेली तरी दक्षिणेतल्या सरदारांची इनामं बरीचशी राहिली आणि इंग्रजी अमलात माळांवर कौलारू शिकारबंगले उभे राहिले. 1952 च्या कायद्याने खासगी इनामं संपली, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि या बंगल्यांना कामच उरलं नाही. आज एखाद्या बंगल्याचे वारस कोथरूडला नाहीतर सहकारनगरला राहतात, आणि एक दिवस माझ्याकडे फोटो घेऊन येतात: छप्पर बसलेलं, भिंतीत पिंपळ, आत कमरेएवढा राडारोडा. "ताई, पाडून नवीन बांधू का?"

नका पाडू. मी वास्तुरचनाकार आहे, पेठांतल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती हे माझं काम. चारातल्या तीन भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, असतील तर असा बंगला वाचतो. फक्त कामाचा क्रम चुकवायचा नाही: आधी पाणी, मग नोंद, मग चुना, आणि छप्पर त्यानंतर.

पहिल्या पावसाआधी

जुन्या भिंतीला वय मारत नाही, पाणी मारतं. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेतचं पाणी शहरात शिरलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. माळावर पूर येत नाही, पण उघड्या पडलेल्या भिंतीच्या डोक्यावरून पाणी दरवर्षी आत झिरपतं आणि मधला भराव धुऊन नेतं. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, आत पोकळ झालेली असते.

म्हणून हाताशी पैसे थोडे असतील तर ते तात्पुरत्या छपरावर घाला. लोखंडी पाइपांचा स्वतंत्र सांगाडा करून वर पत्रा टाका. सांगाड्याचं ओझं जुन्या भिंतीवर अजिबात येऊ देऊ नका, आणि बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे भिंती वाळतील. ताडपत्री गुंडाळू नका, आत ओल कोंडते. कमानी आणि झुकलेले कोपरे यांना लाकडी धिरे द्या. जोत्याभोवती साचलेली माती खणून उतार बाहेरच्या बाजूला काढा.

पिंपळ, वड, उंबर ही झाडं कधीही ओढून काढू नका. मुळं दगडांच्या सांध्यात गेलेली असतात, झाडाबरोबर भिंत येते. खोड भिंतीलगत कापायचं, बुंध्याला भोकं पाडून मूळ मारणारं औषध भरायचं, ते पूर्ण वाळू द्यायचं. भिंत उतरवून पुन्हा रचायची वेळ येईल तेव्हाच मुळं काढायची.

छपराला हात लावण्याआधी आत कोण राहतंय तेही बघा. पडक्या बंगल्यात गव्हाणी घुबडं हमखास असतात. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत त्या खोलीचं काम थांबवायचं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जनावरं मारून आणली गेली, तिथे एवढं तरी आपण करावं, असं मला मनापासून वाटतं.

बंगला वाचायचा कसा

कागदांची सुरुवात सातबारा, फेरफार आणि वारस नोंदीपासून. जमीन सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या. जवळपास संरक्षित स्मारक आहे का तेही तपासा, कारण केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. घराण्याचा इतिहास शोधायचा तर पुण्यासारखं ठिकाण नाही. पेशवे दप्तर इथेच आहे, 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच आहे. कागद बहुतेक मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत घ्या. पुणे जिल्ह्याचं 1885 चं इंग्रजी गॅझेटियर तीन भागांत आहे. गावाचं नाव, वाटा, तेव्हाची जनावरं यांची माहिती त्यात सापडते.

पण कागदाइतकंच बांधकाम बोलतं. कौल उलटं करून बघा. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये सुरू केला, म्हणजे मूळ छप्पर मंगलोरी असेल तर बंगला त्यानंतरचा. कौलावर छापलेलं साल मात्र बऱ्याचदा कारखान्याच्या स्थापनेचं असतं; त्यावरून बंगल्याचं वय ठरवू नका. लोखंडी तुळईवर टाटांचा शिक्का असेल तर ती 1912 च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा तयार होऊ लागलं. विटा पातळ, चपट्या असतील तर बंगल्याच्या पोटात त्याहून जुनं बांधकाम दडलेलं असण्याची शक्यता धरा.

मग वापर ओळखा. ओसरीचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे चालत जा, बहुधा जुना पाणवठा लागेल. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने मुख्य बंगल्यापासून तोडून बांधत. भिंतीत ओळीने लोखंडी कड्या दिसल्या तर ती पागा. मोरी मोठी, फरशीला चांगला उतार आणि वर आकडे असतील तर तिथे शिकार सोलत असणार. हे सगळं नकाशावर मांडा, प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, सोबत मोजपट्टी धरून.

राडारोडा ट्रॉलीत भरून फेकू नका, चाळा. बिजागऱ्या, खिट्ट्या, रंगीत काचांचे तुकडे, खांबाच्या वरचे कोरीव हस्त, सगळं त्यातच असतं. जी वस्तू जिथे पडली तिथला खोलीचा क्रमांक तिच्यावर लिहा. घडीव दगडांवर गेरूने आकडे घाला. पुढे सुताराला नवीन खिट्टी घडवायची असेल तर एक जुनी खिट्टी दहा चित्रांपेक्षा उपयोगी पडते.

भेगांवर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, पाया बघावा लागेल. शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, भरता येईल.

चुना

इथे घाई करणारा मालक मला नको असतो, हे मी पहिल्याच भेटीत सांगते.

सिमेंट वापरायचं नाही. गिलाव्याला नाही, दगड-विटांमधले सांधे भरायला नाही, "थोडंसं मिसळू" म्हणूनही नाही. जुनी वीट आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. वर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओल बाहेर पडू शकत नाही, तिच्यातले क्षार विटेच्या आत स्फटिक होऊन फुगतात, आणि काही वर्षांत सिमेंट तसंच राहून मागची वीट भुगा होते. मी असे गिलावे काढले आहेत. करणी लावली की मागून लाल पूड गळते.

आधी जुना चुना तपासा. सांध्यातला एक खडा वाळवून वजन करा, कुटून व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येत चुना विरघळतो. बुडबुडे थांबले की व्हिनेगर बदला, पुन्हा थांबेपर्यंत थांबा. खाली उरतं ती वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची पूड. ती धुऊन, वाळवून तोला म्हणजे प्रमाणाचा अंदाज येतो, आणि वाळू जाड की बारीक तेही दिसतं. नवीन मिश्रण याच्याशी जुळलं पाहिजे. नमुन्यादाखल मी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू इथून सुरुवात करते आणि मग बदलत जाते.

चुनखडी सुमारे 900 अंशांना भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवायचा. पाणी आधी हौदात घ्या आणि चुना थोडाथोडा त्यात सोडा. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतो आणि डोळे जातात. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे हे गवंड्यांना द्यायची जबाबदारी मालकाची. विरलेला चुना गाळून खड्ड्यात साठवा, वर कायम वीतभर पाणी ठेवा, आणि निदान महिनाभर मुरू द्या. जितका जुना तितका तो लोण्यासारखा होतो.

पूर्वी बैलाच्या घाणीत, दगडी चाकाखाली चुना मळत. आता यंत्राची घाणी मिळते. फावड्याने कालवून चालत नाही, चुना वाळूच्या कणाकणाला रगडून लागावा लागतो. पाण्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायची रीत आहे. गिलाव्यात तागाचे तोडलेले धागे घाला, भेगा कमी पडतात. प्रत्येक गवंड्याची कृती वेगळी असते, म्हणून मागच्या भिंतीवर हातभर रुंदीचे नमुने लावून एक महिना बघा आणि त्यातला एक निवडा.

लावताना भिंत आदल्या दिवशी भिजवा. थर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. भर उन्हात लावू नका. गोणपाट ओलं करून निदान आठवडाभर झाका, नंतरही पाणी मारत राहा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि त्याला महिने लागतात. म्हणून चुन्याचं काम दिवाळीनंतर काढायचं आणि मार्चच्या आत उरकायचं.

लाकूड आणि छप्पर

सागवानी तुळईचं मधलं अंग सहसा शाबूत असतं, भिंतीत गेलेली टोकं कुजतात. टोच्याने टोचून बघा. जिथे सहज रुततो तिथपर्यंत कापायचं. अख्खी तुळई बदलू नका. तिरका लांब जोड देऊन जुन्या सागाचाच तुकडा बसवा. पाडलेल्या वाड्यांचं सागवान पुण्यात मिळतं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला चौकशी करा. टोक भिंतीत परत बसवताना भोवती बोटभर हवा खेळेल एवढी जागा सोडा. सुताराला आधी विश्रामबागवाडा दाखवून आणा. 1807 च्या सुमाराचं ते काम, तिथले सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब आणि दर्शनी भागातलं लाकूडकाम बघितलं की हाताला शिस्त लागते.

कौलं बोटाने वाजवून निवडा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर बाजूला. पाहुण्याच्या नजरेसमोरच्या पाख्यावर सगळी जुनी, मागच्या पाख्यावर नवीन. जो भाग पूर्ण कोसळला आणि ज्याचा फोटो किंवा नकाशा नाही, तो मी मनाने रचत नाही. त्याच्या भिंती आहेत तेवढ्या ठेवून माथा चुन्याने उतरता बांधून घेते.

भिंतीवरची शिंगं

पेंढा भरलेली मुंडकी, कातडी, शिंगं सापडली तर ती पुण्याला घरी घेऊन जाऊ नका आणि कुणाला देऊही नका. कायद्याने अशा वस्तूंची विक्री होत नाही. वारशाने आली असतील तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं घोषित करावं लागतं, आणि मूळ धन्याचं मालकी प्रमाणपत्र होतं का हे आधी शोधावं लागतं. प्रमाणपत्र नसेल तर वकिलाला गाठून वन खात्याशी स्वतःहून लेखी बोला. जुनी बंदूक निघाली तर हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.

वायरिंग, पंप, संडास हे शेवटी, आणि नळ भिंतीत चर न पाडता बाहेरून.

काम संपल्यावर गावातलाच एक माणूस पगारावर ठेवा. मृगाआधी त्याने शिडी लावून पन्हळी साफ करायच्या, सरकलेली कौलं बसवायची, आणि पावसाळा संपला की भिंतीच्या माथ्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच उपटायचं.