मुघल तवारिखांतली राजपूत बेगम ओळखायची कशी?

आधी नाव शोधू नका, वडील शोधा. फारसी तवारिखांत, म्हणजे इतिहासग्रंथांत, राजकन्येचं माहेरचं नाव बहुधा येतच नाही. ‘अमुक राजाची मुलगी’ एवढंच असतं, आणि पुढे किताब, म्हणजे पदवी. १५६२ मध्ये सांभरला अकबराशी लग्न झालं ते आमेरच्या राजा भारमल कछवाहाच्या मुलीचं. तिचा किताब मरियम-उझ-झमानी. अकबरनाम्यात तिला ‘जोधाबाई’ कुठेही म्हटलेलं नाही. जोधपूरची राजकन्या, मोटा राजा उदयसिंहाची मुलगी जगत गोसाईन, ही अकबराचा मुलगा सलीम (पुढचा जहांगीर) याची बायको आणि शाहजहानची आई. म्हणजे सुनेचं माहेर सासूला चिकटवलं जातं! हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो.

मग तारीख. विक्रम संवतातून ५७ वजा करा. जानेवारी ते चैत्रारंभ असेल तर ५६. मारवाडी ख्यातींत (राजघराण्यांच्या बखरींत) मात्र वर्ष श्रावणापासून धरलेलं असू शकतं, तिथे महिना बघितल्याशिवाय आकडा लिहू नका. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ठरावीक आकडा वजा करून चालत नाही, कोष्टकच लागतं.

नातं पक्कं झालं की माहेरच्या पुरुषांच्या मनसबी, म्हणजे मुघल दरबारातले दर्जे, तपासा. भारमलचा नातू मानसिंह पुढे ७००० जातचा (‘जात’ म्हणजे व्यक्तिगत दर्जाचा आकडा) मनसबदार झाला.

आणि तह दिसला म्हणून सोयरीक गृहीत धरू नका. १६१५ मध्ये मेवाडच्या अमरसिंहाने जहांगीरशी तह केला, पण मुलगी दिली नाही.